राक्षस चालेल, पण चंद्र तिथीप्रमाणे उगवू द्या
(पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, धान घरात आलंय, मंडईचे म्हणजे गावजत्रांचे दिवस आहेत, तरी भरदुपारी तुम्ही वाचनालयात जमलात याचा मला फार आनंद वाटतो. मी अद्भुतकथा लिहिते. राक्षस, यक्षिणी, पाण्याखालची नगरं, बोलणारी झाडं. मला लोक विचारतात, यात अभ्यास कसला करायचा? मनात येईल ते लिहायचं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. अद्भुत लिहिणाऱ्याला रोजच्या जगण्याचा हिशोब इतरांपेक्षा जास्त चोख ठेवावा लागतो.

वाचक राक्षसावर विश्वास ठेवायला तयार असतो. पण शुद्ध अष्टमीला पहाटे तीन वाजता राजकन्या टिपूर चांदण्यात पळून गेली असं मी लिहिलं, तर रात्री धानाची राखण केलेला तुमच्यातला कोणीही पुस्तक मिटून ठेवेल. त्या वेळी चंद्र मावळलेला असतो. तिला चांदणं हवं असेल तर वद्य अष्टमी गाठावी लागेल, कारण तेव्हा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. स्टेलॅरियम नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर नेटवर मिळतं. गाव, तारीख, वेळ टाकली की त्या क्षणीचं आकाश समोर येतं, हजार वर्षांपूर्वीचंसुद्धा. तुमच्या आजोबांना जे पंचांग न उघडता कळायचं, ते मी पडद्यावर शिकले. आता माझ्या कथेतल्या प्रत्येक रात्रीला तिथी असते.

नेटवर मला मिळालेलं सगळ्यात मोठं धन म्हणजे जुनी पुस्तकं. इंटरनेट आर्काइव्हवर शोधता शोधता स्टीफन हिस्लॉप यांचे कागद सापडले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, तेच हे मिशनरी. ते 1863 मध्ये वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. त्यात गोंड आदिवासींच्या लिंगो या देवाचं गाणं आहे. परधान या गोंडांच्या पारंपरिक गायकांपैकी एकाच्या तोंडून उतरवून घेतलेलं, गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ. पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात त्याचा सारांश दिला, तोही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.

या गाण्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर सोळा हात लांबीची शिळा लावतो. त्यांना सोडवायचं तर लिंगोनं समुद्राकाठच्या बिंदो पक्ष्याची पिलं आणायची. ती पिलं दर वेळी एक मोठा नाग खाऊन टाकत असतो. लिंगो नागाला मारतो, आणि उपकार स्मरून ते प्रचंड पक्षी त्याला पंखांवर घेऊन महादेवाकडे येतात. परदेशी अद्भुतकथांसाठी जीव टाकणाऱ्या तरुण मित्रांनी हे एकदा वाचावंच.

पण मी थांबले ती या गाण्याच्या आधीच्या भागाशी. लिंगो आणि त्याचे भाऊ जंगल तोडून धान पेरतात. पाऊस येतो, धान वर येतं, आणि रोह्यांचा म्हणजे नीलगायींचा कळप शेतात शिरून सगळं पीक खाऊन जातो. तुमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, यंदा झालं असेल तेच! भाऊ चिडून शिकार करतात. शिकार मिळते, पण मांस भाजायला विस्तव नाही. विस्तव आहे तो रिकाड गवाडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतात. म्हणून राक्षस कथेत येतो! कोणी भयंकर दिसावं म्हणून तो आलेला नाही. पीक गेलं म्हणून शिकार, शिकार झाली म्हणून विस्तव, विस्तव हवा म्हणून राक्षस. कथा कशी बांधायची हे मला कुठल्या लेखन-कार्यशाळेनं इतकं स्वच्छ शिकवलं नाही.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगते. लिंगो हे कोणाच्या तरी देवाचं नाव आहे. माघ पौर्णिमेला सालेकशाजवळ कचारगडच्या गुहेशी लाखो भाविक येतात, ते त्याच श्रद्धेनं. ग्रंथ फुकट मिळाला म्हणून ती पात्रं उचलून आपल्या कादंबरीत नाचवावीत, हे मला मान्य नाही. बांधणी शिकावी, देव त्यांचे त्यांच्याकडे राहू द्यावेत.

दुसरा शोध तळ्यांचा. मला पाण्याखालचं नगर लिहायचं होतं, म्हणून तळी वाचायला लागले आणि आपल्याच भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांपाशी येऊन पोचले. कोहळी समाजातल्या लोकांनी उतार ओळखून मातीची पाळ म्हणजे बांध घातला, जंगलातलं पाणी अडवलं, खाली धान आणि ऊस पिकवला. नवेगावबांध त्यातलाच. मालगुजाराकडे म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराकडे तळं, गावाकडे श्रम आणि पाण्याचा वाटा, अशी व्यवस्था होती. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, आणि तळी सरकारजमा झाली. मालगुजारी जायलाच हवी होती, तिच्यात जुलूमही होता. पण मग गाळ कोणी काढायचा, पाळीला पडलेलं भगदाड पावसाच्या रात्री कोणी बुजवायचं?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या अद्भुतकथा दुष्ट राजा मेला की संपतात. मी ठरवलं, माझी तिथून सुरू होईल. राजा मेलाय, तळ्याची राखणदार जलदेवता रुसून बसलीय, रोवणी म्हणजे धानाची लावणी तोंडावर आहे, पऱ्हे म्हणजे रोपं तीन आठवड्यांची झालीत, आता थांबलं तर ती म्हातारी होतील, आणि तळ्याचं पाणी सोडायची मोरी उघडायचा अधिकार कोणाचा यावर गाव भांडतंय. जादू आहेच, पण तिला पऱ्ह्यांची घाई आहे. त्या प्रकरणावर वाचकांची जितकी पत्रं आली तितकी उडत्या घोड्यांवर कधी आली नाहीत.

भवभूतीबद्दल थोडक्यात सांगते. आठव्या शतकातला हा नाटककार मूळचा पद्मपूरचा, आणि इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं पदमपूर असल्याचं मांडलंय. त्याच्या 'मालतीमाधव'मध्ये स्मशानात भुतांना मांस विकायला निघालेला नायक आहे, नायिकेचा बळी द्यायला निघालेला कापालिक म्हणजे कवट्या बाळगणारा तांत्रिक आहे, आकाशातून जाणारी योगिनी कपालकुंडला आहे. संस्कृत मूळ आणि जुनी भाषांतरं नेटवर आहेत. अद्भुतकथा हे पोरांचं काम असं कोणी म्हणालं तर त्याला पदमपूरचा रस्ता दाखवा.

आता जे नेटवर नाही त्याविषयी. पाणी कमी पडलं त्या वर्षी आपल्या तळ्याखालच्या शेतांना पाणी द्यायच्या पाळ्या कशा लावल्या? कुठल्या बांधीत कोणतं धान लावायचे आणि का? शेतातल्या माळ्यावर राखण करताना झोप येऊ नये म्हणून लोक काय बोलायचे? मी खूप शोधलं. कायदे मिळतात, क्षेत्रफळं मिळतात, हे मिळत नाही. ते इथे समोर बसलेल्या माणसांकडे आहे. वाचनालयानं त्यासाठी एक जाड वही ठेवावी, सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीनं लिहावं, आणि मुलांनी आवाज फोनमध्ये साठवावा. रोवणीच्या गाण्यांपासून सुरुवात करता येईल. पुढच्या रांगेतल्या आजींना ती येतात असं मघाशी कळलं. आजी, तुम्ही तयार असाल तर प्रश्नोत्तरं नंतर घेऊ. मुलांनो, फोन काढा.