उपग्रह बदलला, तबकडी हलवायची का?

श्रोतेहो, नमस्कार.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एके सकाळी ‘सिग्नल नाही’ अशी पाटी दिसली, की बहुतेक घरांत पहिली धाव जिन्याकडे घेतली जाते. कोणीतरी छतावर जातो, तबकडीला हात घालतो आणि खाली उभ्या असलेल्याला मोठ्याने विचारतो, “आलं का?” रात्री वादळी वारा होऊन गेला असेल, तर हा उपाय योग्यच आहे. परंतु प्रसारकाने उपग्रह बदलल्यामुळे चित्र गेले असेल, तर छतावर चढण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घेणे आवश्यक असते. नवा उपग्रह आकाशात जुन्याच जागी आहे, की दुसऱ्या जागी? जागा तीच असेल तर तबकडीला बोटही लावू नये, सारे काम खाली रिमोटवर होते. जागा बदलली असेल तरच पाना हातात घ्यावा.

हा विषय आकाशवाणीवरून मांडावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते. खासगी डीटीएच सेवेचे ग्राहक कंपनीच्या नोंदवहीत असतात, त्यामुळे कंपनी त्यांना मोबाइलवर संदेश पाठवू शकते आणि घरी माणूसही पाठवू शकते. दूरदर्शनच्या मोफत सेवेचे तसे नाही. ‘डीडी फ्री डिश’ पाहणारी कोट्यवधी घरे देशात आहेत, पण खोका, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, आणि तबकडी त्यांनी बाजारातून एकदाच विकत आणलेली असते. मासिक वर्गणी नाही, म्हणून कोणाच्या दप्तरी त्यांचे नावही नाही. प्रसारकाला त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर पडद्याच्या तळाशी सरकणारी सूचना एवढाच हुकमी मार्ग उरतो, आणि ज्या दिवशी पडदा काळा होतो त्या दिवशी ती सूचनाही त्याच्याबरोबर जाते. शेतावरच्या वस्तीत किंवा डोंगरातल्या वाडीत अशा वेळी बोलता राहतो तो रेडिओ.

ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. त्या वेळी तिचे प्रसारण पूर्व रेखांश ९५ अंशांवरील एनएसएस-६ या उपग्रहावरून होत असे. मार्च २००७ मध्ये फ्रेंच गयानातील कौरू येथून इस्रोचा इन्सॅट-४बी अवकाशात गेला, त्याला ९३.५ अंशांची जागा मिळाली आणि पुढे मोफत सेवा त्याच्यावर आली. येथे जागा दीड अंशाने बदलली होती, म्हणून घरोघरच्या तबकड्या खरोखरच फिरवाव्या लागल्या. त्यानंतर ११ नोव्हेंबर २०१५ रोजी जीसॅट-१५ कौरूहूनच सोडण्यात आला आणि २०१६ मध्ये सेवा त्याच्याकडे गेली. मात्र जीसॅट-१५ ची जागाही ९३.५ अंश हीच आहे. म्हणजे दुसऱ्या स्थलांतरात तबकडीच्या दिशेत काहीही बदल करायचा नव्हता, केवळ खोक्यातील आकडे बदलायचे होते.

हा फरक लोकांपर्यंत नीट पोहोचला नाही, याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते. त्या दिवसांत मी गावी होतो. आमच्या आळीत एका दुकानदाराचा माणूस घरोघर जाऊन, उपग्रह बदलला म्हणून तबकडी फिरवायची आहे, असे सांगत पैसे घेत होता. तबकडी थोडी हलवायची, पुन्हा होती तिथे आणायची, आणि मग खाली येऊन रिमोटवर जे दोन मिनिटांत व्हायचे ते करायचे, असा त्याचा क्रम होता. ज्या घरांत पैसे नव्हते तेथील मुलांनी स्वतःच तबकडी हलवली, तेव्हा नीट लागलेली दिशाही गेली आणि ती घरे कित्येक दिवस अंधारात राहिली. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला हा खर्च लहान नसतो.

उपग्रह मुळात बदलावे का लागतात? दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच तिच्याभोवती फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात खिळल्यासारखा एका जागी दिसतो आणि आपली तबकडी सूर्यफुलासारखी फिरवत बसावी लागत नाही. परंतु सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीमुळे तो सतत थोडा थोडा सरकू पाहतो आणि त्याला जागेवर ठेवण्यासाठी इंधन खर्च करावे लागते. बारा ते पंधरा वर्षांत ते संपत येते आणि कधी त्याआधीच यंत्रणा बिघडते. इन्सॅट-४बीच्या बाबतीत ७ जुलै २०१० रोजी वीजपुरवठ्यात दोष निर्माण झाला आणि त्याचे निम्मे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे संकेत घेऊन पुन्हा जमिनीकडे पाठवणारे संच, बंद ठेवावे लागले. त्याच उपग्रहावर असलेल्या सन डायरेक्ट या खासगी सेवेला ९१.५ अंशांवरील मिॲसॅट-३ उपग्रहाकडे जावे लागले, आणि तिच्या ग्राहकांच्या तबकड्या दोन अंशांनी वळवाव्या लागल्या. इन्सॅट-४बी पुढे जानेवारी २०२२ मध्ये आपल्या कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेऊन निवृत्त करण्यात आला, म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी ती जागा मोकळी राहिली.

एकाच जागी दोन उपग्रह कसे राहतात, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. ‘जागा’ म्हणजे येथे एक बिंदू नव्हे. त्या उंचीवर एका अंशात सुमारे ७३५ किलोमीटरचे अंतर मावते, आणि उपग्रहाला दिलेली चौकट साधारण दीडशे किलोमीटर रुंदीची असते. तिच्यात दोन उपग्रह एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवता येतात आणि जमिनीवरच्या साठ सेंटीमीटरच्या तबकडीला त्यांच्यातील अंतर जाणवतही नाही. अशा तबकडीची नजर सुमारे तीन अंश रुंद असते. नेमक्या दिशेपासून दीड अंश बाजूला गेले, की येणारी शक्ती निम्म्यावर येते आणि शेजारच्या उपग्रहाची कुजबुजही तिच्यात मिसळू लागते. डिजिटल चित्र जुन्या ॲनालॉग चित्रासारखे हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. आधी त्याचे चौकोन चौकोन होतात आणि मग ते एकदम नाहीसे होते.

आता रिमोटवर करायच्या कामाकडे येऊ. खोक्याच्या मेनूमध्ये ‘इन्स्टॉलेशन’ या नावाचा विभाग असतो. संकेतांक मागितला तर पुष्कळ खोक्यांत चार किंवा सहा शून्ये चालतात. आत गेल्यावर प्रथम एलएनबीची वारंवारता पाहावी. एलएनबी म्हणजे तबकडीसमोर दांड्यावर बसवलेला छोटा डबा. उपग्रहाकडून येणारी अतिउच्च वारंवारता केबलमधून थेट खाली आणता येत नाही, म्हणून हा डबा तिच्यातून एक ठरावीक आकडा वजा करतो. सध्या सर्वत्र मिळणाऱ्या युनिव्हर्सल एलएनबीत हे आकडे ९,७५० आणि १०,६०० असे दोन असतात. मोफत सेवेची ११,०९० मेगाहर्ट्झची वारंवारता घेतली, तर त्यातून ९,७५० वजा जाऊन केबलमधून १,३४० खाली उतरतात. खोक्यात येथे चुकीचा आकडा असेल, तर तबकडी कितीही अचूक लावलेली असली तरी खोका भलत्याच जागी शोधत राहतो. लोक तासन्‌तास छतावर घालवतात आणि दोष या एका ओळीत असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर नव्या उपग्रहाची वारंवारता, ध्रुवीकरण आणि सिम्बॉल रेट हे तीन आकडे भरावे. ध्रुवीकरण म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा आणि सिम्बॉल रेट म्हणजे संकेत पाठवण्याचा वेग. ध्रुवीकरण उभे असेल तर इंग्रजी ‘व्ही’ आणि आडवे असेल तर ‘एच’ निवडावे. हे भरताच पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची, म्हणजे संकेताच्या जोराची, आणि दुसरी क्वालिटीची, म्हणजे त्याच्या प्रतीची. माझी कळकळीची विनंती आहे की पहिल्या पट्टीवर विसंबू नये. केबल आणि एलएनबी धड असतील, तर तबकडी रिकाम्या आभाळाकडे असतानाही स्ट्रेंग्थ भरलेली दिसू शकते, कारण ती एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजते. आपण मागितलेला उपग्रह खरोखर सापडला आहे, हे सांगते ती क्वालिटी. ती स्थिर उभी राहिली, तर तबकडी बरोबर आहे. मगच शोध सुरू करावा. जुन्या वाहिन्यांची यादी पुसायचीही वेळ तीच. आधीच सारे पुसून टाकले आणि नंतर आकडा चुकला, तर हाती काहीच राहत नाही.

पुनर्शोध करूनही काही वाहिन्या येत नाहीत, तेव्हा तबकडीवर राग काढू नये. मोफत सेवेत काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने आणि काही एमपेग-४ पद्धतीने येतात. चित्र आटोपशीर करून पाठवण्याच्या या दोन पद्धती आहेत. जुन्या खोक्याला दुसरी भाषा समजत नाही, आणि कितीही शोध घेतला तरी ती त्याला येणार नाही. त्यासाठी नवा खोका लागतो, तबकडी तीच चालते.

आता जागाच बदलली असेल तर काय करावे? आपल्याकडून ९३.५ अंशांवरील उपग्रह आग्नेयेला दिसतो. पुण्याहून तो उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच आहे. नागपूरहून तो अधिक दक्षिणेकडे, १४५ अंशांवर आणि ६० अंश उंच आहे. पणजीहून १२७ अंशांवर आणि ६१ अंश उंच. आकाशात दीड अंशाचा बदल ऐकायला मोठा वाटतो, पण ९५ वरून ९३.५ वर येताना पुण्यातील तबकडी दक्षिणेकडे फक्त सव्वादोन अंशांच्या आसपास फिरवायची होती आणि वर सव्वा अंश उचलायची होती. चार सेंटीमीटर जाडीच्या खांबावर एक अंश म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. सव्वादोन अंश म्हणजे पेन्सिलीच्या एका रेघेएवढे अंतर. म्हणून बोल्ट सैल करण्यापूर्वी खांबावर आणि तबकडीला खांबाशी आवळणाऱ्या पट्टीवर मिळून एक सरळ खूण करावी. पेन्सिलीची खूण पावसात जाते, नेलपॉलिशची टिकते. नंतर तबकडी हलवायची ती धक्क्याने नव्हे, दाबाने. प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबावे, कारण खोक्याला नवा संकेत ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवणारा माणूस उपग्रहावरून कितीदा तरी पुढे निघून जातो आणि त्याला कळतही नाही. दिशा सापडल्यावर एलएनबी स्वतःभोवती किंचित फिरवून पाहावा, क्वालिटी आणखी थोडी वर जाते. केबल काढण्या-लावण्यापूर्वी खोक्याची वीज बंद करावी, कारण त्याच केबलमधून एलएनबीला वीज पोहोचते. आणि पावसाळ्यात ओल्या पत्र्यावर किंवा कौलांवर कोणीही चढू नये, मालिका दोन दिवस चुकली तरी चालेल.

वर्षातून दोनदा सिग्नल जातो तो उपग्रह न बदलताही. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास, काही दिवस सूर्य बरोबर या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्याच्या उष्णतेच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज काही मिनिटे बुडून जातो आणि पुन्हा आपोआप वर येतो. तेव्हा काही करायचे नसते, मात्र पाहण्यासारखे असते. त्या मिनिटांत सूर्य आकाशात जेथे असतो, तीच उपग्रहाची जागा. नारळाच्या झावळीची किंवा शेजारच्या नव्या मजल्याची सावली त्या वेळी तबकडीवर पडत असेल, तर अडथळा कोठे आहे हे कोणत्याही यंत्राशिवाय कळते. सूर्याकडे न पाहता केवळ सावली पाहावी.

शेवटी एक काम आजच करण्यासारखे आहे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर आपल्या खोक्यात सध्या असलेले आकडे लिहून तो कागद खोक्याच्या तळाला चिकटवावा, आणि त्यावर तारीख घालावी. उद्या बदल जाहीर झाला, तर जुने अंश आणि नवे अंश समोरासमोर ठेवून पाना उचलायचा की रिमोट, हे घरातील शाळकरी मूलही सांगू शकेल. ज्यांच्याकडे मोफत सेवा आहे त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी, मी सावकाश सांगतो. उपग्रह, जीसॅट-१५. जागा, पूर्व ९३.५ अंश. एलएनबी, ९,७५० आणि १०,६००. वारंवारता, ११,०९०. ध्रुवीकरण, उभे, म्हणजे व्ही. सिम्बॉल रेट, २९,५००.

नमस्कार.