मूल रात्री किंचाळतं तेव्हा आधी घड्याळ बघा

नमस्कार. पत्रिकेत विषय ‘लहान मुलांची झोप’ असा छापलाय. पण समोर निम्म्याहून जास्त आजी-आजोबा दिसतायत, म्हणजे खरा विषय ‘नातवंडं आम्हाला झोपू देत नाहीत’ हा आहे. असो.

एक किस्सा सांगतो. चार वर्षांचा मुलगा. साडेनऊला झोपला आणि अकराच्या सुमारास ताडकन उठून किंचाळायला लागला. डोळे सताड उघडे, अंग घामाने डबडबलेलं. आई जवळ घ्यायला गेली तर तिलाच ढकलतोय, ओळख म्हणून नाही. आजींनी मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरवून तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका शेजारच्या तिन्ही घरांत पोचला. बाबांना दमा, त्यांना पंप घ्यावा लागला. चिरंजीव मात्र तोवर गाढ झोपलेले! सकाळी त्याला काही आठवेना. आजी मला म्हणाल्या, “डॉक्टर, गुण आला की नाही?” आता दृष्ट असेल तर मिरचीचा ठसका लागत नाही, हे शास्त्र त्यांचंच. पण ते त्यांना ऐकवायची माझी छाती झाली नाही.

गुण येणारच हो! हा ‘नाइट टेरर’. झोपेच्या पहिल्या दोन-तीन तासांत, गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत आपोआप शमतं. तेवढाच वेळ मिरच्या शोधायला लागतो. मुलाला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा. वाईट स्वप्नं पडतात ती बहुधा पहाटेकडे. तेव्हा मूल पुरतं जागं होतं, बिलगतं, स्वप्न सांगतं. म्हणून माझा पहिला प्रश्न, “किती वाजता?”

झोप अपुरी पडली की हे प्रकार वाढतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. बाबा साडेनऊला घरी येणार, मग जेवण, मग मस्ती, आणि सहाला रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवणार. बसवा गणित! चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका, असं शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं. अडचण असेल तर सवलतही ठेवली. अडचण कोणाला नसते?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य विषय तर पुढेच आहे, पटापट सांगतो. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर ‘दमून झोपलाय’ म्हणून कौतुक करू नका. टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड्स वाढून श्वास अडत असू शकतो. असं मूल दिवसा पेंगेलच असं नाही, उलट चिडचिड करतं, वर्गात एका जागी बसत नाही. रात्री पाय सारखे हलवतं? रक्तातलं लोह तपासून घ्या. शीच्या जागी खाज येते? जंत. ताप, तुंबलेली लघवी, झोपताना मोबाइल, घरातली भांडणं, हीसुद्धा झोप मोडायची कारणं. आणि घोरण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून आणा. ‘थोडंसंच घोरतो हो’ यावरून मला काही कळत नाही.