धुराचं बूड

श्रोतेहो, नमस्कार.

ऊन तापायला लागलं की आपल्या कोल्हापुरात गुऱ्हाळावर काकवी आणायला जाणं होतं, उसाच्या रसाच्या गाड्यावर गर्दी होते. त्याच दिवसांत तिकडं राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवायला कुणीतरी शिडी चढून मनोऱ्यावर बसलेलं असतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. वनरक्षक म्हणून मी असे अकरा हंगाम काढले. त्या बसण्याविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे.

लोखंडी अँगलचा सांगाडा, उभी शिडी, वर पत्रा आणि कमरेइतका कठडा, एवढाच आमचा मनोरा. दुपारी पत्रा असा तापायचा की टॉवेल भिजवून डोक्याला गुंडाळावा लागे. जवळ पाण्याचा कॅन, भाकरी, दुर्बीण आणि वायरलेस.

माझ्या आधी तिथं बसणाऱ्या वनमजुरांना सगळे तात्या म्हणायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पोरी, धूर कुणालाबी दिसतोय. तू धुराचं बूड बघायला शीक."

ते शिकायला मला दोन हंगाम लागले. पूर्वेला, भोगावतीच्या खोऱ्याकडं, गुऱ्हाळाच्या चिमणीचा धूर दिसतो. तो एकाच जागेवरून, एकाच जाडीचा, तासन् तास निघतो. उसाचं पाचट पेटवलं की काळपट लोट एकदम आभाळात चढतो आणि थोड्या वेळात विरतो. राबाचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजतात त्या वाफ्याचा, धूर पांढरा, जड, जमिनीलगत लोळणारा, कारण त्यात शेण असतं, पाला असतो, वर माती पसरलेली असते. या तिन्ही धुरांचं बूड जागचं हलत नाही. वणव्याचं बूड सरकतं आणि सरकताना रुंद होत जातं. कधीकधी धुराच्याही आधी कोतवाल पक्षी सांगतात. आगीपुढं उडणारे किडे टिपायला त्यांचा थवा घिरट्या घालायला लागतो.

दुसऱ्या हंगामातली मार्चमधली एक दुपार मी विसरलेली नाही. खालच्या वाडीच्या अंगाला पांढरा धूर दिसला. राब भाजायचेच दिवस होते, मी राब समजून सोडून दिलं. वीसेक मिनिटांनी पुन्हा तिकडं मान वळवली तेव्हा बूड वाडी सोडून चढणीला लागलं होतं. घाटमाथ्यावर दुपारी कोकणातून वारा वर येतो, आणि आग चढणीला पळते, उतरणीला रांगते. वरचं गवत खालच्या झळांनी आधीच वाळून तयार असतं. चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा हिशेब आहे. आमची माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन पोहोचेपर्यंत गवताचा अख्खा उतार गेला. संध्याकाळी राखेत टिटवीची चार अंडी सापडली. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत फिरत होती.

तात्या मला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वाडीत राब कुणाकुणाचा ऱ्हायलाय, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यापासून मी वाडीवर जायला लागले. कुणाचा राब कधी, मध काढायला कोण जातंय, गुरं कुठल्या अंगाला आहेत, सगळं वहीत लिहायचं. वहीमुळं लोक आधी बिचकले. पुढं तेच फोन करायला लागले, "मॅडम, उद्या सकाळी राब पेटवतोय." सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून सकाळीच पेटवा, एवढं त्यांनी माझं ऐकलं. आपल्याकडचे बहुतेक सगळे वणवे माणसाच्याच हातून लागतात. कुणी नवं गवत चांगलं फुटावं म्हणून जुनं जाळतं, कुणाची विडी पडते, कुणी सहलीची चूल न विझवता निघून जातं. म्हणून माझं म्हणणं आहे की मनोऱ्यावर त्याच पंचक्रोशीतलं माणूस बसावं. दुर्बिणीतून धूर दिसेल. तो कुणाच्या बांधावरचा, हे वाडीत चहा घेतलेल्यालाच सांगता येतं.

अमेरिकेत ही विद्या फार वाढली. १९१० साली तिकडं आयडाहो आणि मोंटानात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, त्यानंतर डोंगरमाथ्यांवर हजारो मनोरे उभे राहिले. ऑसबोर्न नावाच्या वनाधिकाऱ्यानं त्यासाठी एक यंत्र केलं. मधोमध गोल नकाशा, भोवती फिरणारं कडं, कड्यावर नेम धरायची खूण. दोन मनोऱ्यांवरून धुरावर नेम धरायचा, नकाशावर दोन रेघा ओढायच्या. छेदतील तिथं आग. आमच्या कठड्यावर तात्यांनी ऑइलपेंटनं खुणा केल्या होत्या, एकेका डोंगराच्या नावाची एकेक रेघ. यंत्राविषयी वाचलं तेव्हा मला त्या रेघा आठवल्या. आणि हॅली डॅगेट या बाईंविषयी वाचलं तेव्हा तर फार बरं वाटलं. १९१३ साली त्या कॅलिफोर्नियात एडी गल्चच्या टेहळणी ठाण्यावर रुजू झाल्या, तिथल्या वनसेवेतल्या पहिल्या महिला टेहळणीदार. "बाईमाणूस एकटी वर कशी बसणार?" हे मीही ऐकलं आहे.

आता डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाचे संदेश मोबाईलवर येतात. रात्रीच्या, आडरानातल्या आगीला त्यांचा मोठा आधार आहे. पण हे उपग्रह ठरावीक वेळेलाच वरून जातात, दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला. तीन वाजता पेटलेलं गवत त्यांना रात्री दिसणार. तोवर तो सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार, जळून संपलेला असतो.

तुमच्यापैकी पुष्कळजण गवा बघायला दाजीपूरला येता. कोल्हापूरपासून सुमारे ८० किलोमीटर. मनोऱ्यावर जरूर चढा, सांगतील तेवढीच माणसं एका वेळी चढा, आणि वर गेल्यावर अर्धा तास तरी गप्प बसा. पहिली दहा मिनिटं जंगल नुसतं हिरवं दिसतं. मग त्यात अंजनी, जांभूळ, कारवीचे पट्टे वेगळे व्हायला लागतात, आणि हंगामाआधी गवत जाळून काढलेल्या जाळरेषा दिसतात. वणवा अडावा म्हणून आखलेल्या त्या काळ्या पट्ट्या आहेत, नासधूस समजू नका. वर कुणी बसलेलं असेल तर बोला त्यांच्याशी. दिवसभर माणूस दिसलेलं नसतं. फक्त बोलताना त्यांची नजर डोंगराच्या धारेवर राहू द्या. आणि वळवाचं आभाळ भरून गडगडायला लागलं तर लगेच खाली उतरा. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच लोखंड तेच असतं.

रस्त्यानं जाता-येता डोंगरात धूर दिसला तर वनखात्याची मदतवाहिनी आहे, १९२६. फोन करण्याआधी मिनिटभर थांबून बघा. कुठला डोंगर, धारेच्या अलीकडं की पलीकडं, वारा कुठल्या अंगाचा आणि बूड सरकतंय का, एवढं सांगा. पलीकडून बोलणाऱ्याला पहिल्यांदा हेच विचारायचं असतं.

नमस्कार.