जन्मदाखला, व्हिसा आणि बाळंतपणाचा पगार

परदेशी नागरिक असलेल्या बाईचं बाळंतपण भारतात होतं, तेव्हा कागद आणि पगार कसे सांभाळायचे ते पाहू. नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली अनेक सिंधी कुटुंबं आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करू. नवरा भारतीय नागरिक, बायको दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, बाळ नागपूरच्या दवाखान्यात जन्मलेलं. बाळ भारतीयच, असं सगळे धरून चालतात. पण 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्या बाळाला जन्माने नागरिकत्व मिळायला एक पालक भारतीय असणं पुरेसं नाही. दुसरा पालक बाळाच्या जन्मावेळी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो, आणि व्हिसाची मुदत उलटूनही राहिलेली व्यक्ती त्या व्याख्येत बसू शकते. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या काही समाजांना यातून सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. बाळंतपणाच्या धावपळीत व्हिसा वाढवायचा राहून जातो, आणि नेमकं तेव्हाच बाळ येतं. प्रसूतीच्या तारखेआधी मुदत संपणार असेल, तर गर्भ राहिल्याचं कळताच कॅलेंडरवर खूण करा, मुदतवाढीचा अर्ज वेळेत भरा आणि पोचपावती जपून ठेवा.

दुसरी अडचण नावाची. सिंधी घरांत, आपल्याकडेही, लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. पासपोर्टवर माहेरचं, दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये सासरचं. जन्मदाखला रजिस्टरवरून बनतो, मग पुढे आई आणि मूल कागदावर जुळत नाहीत. भरती होतानाच पासपोर्ट दाखवा आणि नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहून घ्या. नोंद 21 दिवसांत व्हावी. दाखला जन्म सिद्ध करतो, नागरिकत्व नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता पगाराचं. इथे राष्ट्रीयत्वाचा प्रश्नच येत नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात स्त्री म्हणजे थेट किंवा एजन्सीमार्फत मजुरीवर नेमलेली स्त्री, एवढंच होतं. हे हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. ‘तुझ्याकडे आपलं नागरिकत्व नाही’ असं सांगून मालक रजा नाकारत असेल, तर ते ऐकून घेऊ नका. पाकिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख वगैरे अल्पसंख्याक समाजांतील दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांना खासगी नोकरीची मुभाही आहे. अट वेगळीच आहे: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम. म्हणून हजेरीपत्रक किंवा पगाराची चिठ्ठी हवी. हातावर रोख पगार घेणारीला हेच सिद्ध करता येत नाही. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीपूर्वी. आधीच दोन मुलं हयात असतील तर 12. प्रसूतीपूर्वीचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ, उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. गर्भपात झाला तरी 6 आठवडे मिळतात, हे फार कमी जणींना सांगितलं जातं, याचं वाईट वाटतं. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यांत महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल, तर दावा मालकाकडे नाही, ईएसआयकडे करायचा.

बाईच्या स्वतःच्या नागरिकत्वाचं थोडक्यात. भारतीयाशी लग्न केल्याने ते आपोआप मिळत नाही. नोंदणीचा अर्ज करावा लागतो. अर्जाआधीचे सलग 12 महिने भारतात, आणि त्याआधीच्या 8 वर्षांत एकूण 6 वर्षं राहिलेलं असावं. त्या शेवटच्या वर्षात माहेरी जायची वेळ आली, तर विशेष परिस्थितीत केंद्र सरकार एकूण 30 दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं. पण ती परिस्थिती सरकारला लेखी नोंदवावी लागते, म्हणून जाण्याचे कागद आणि पासपोर्टवरचे शिक्के फेकू नका.