कांदा चार महिन्यांचा, गुरुजी दोन वर्षांचे

[दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. टेबलावर उघडलेलं सेवापुस्तक.]

पहिल्याच पानावर जन्मतारीख. एकदा अंकांत, एकदा अक्षरांत. तिच्यात ५८ मिळवले की निवृत्तीचं साल निघतं. ही खुर्ची कधी रिकामी होणार, हे गुरुजी रुजू झाले त्याच दिवशी लिहून झालं होतं.

कोणत्या कामाला पुढे किती माणसं लागतील, याचे अंदाज बांधायला १९६२ साली दिल्लीत एक स्वतंत्र संस्थाच निघाली. काम अवघडच. संगणक येणार हे कारकुनाला कोण सांगणार होतं? पण शिक्षकांचं गणित त्यातल्या त्यात सोपं. आज जन्मलेलं मूल सहा वर्षांनी पहिलीत. प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक. भागाकार करायचा.

तरीही फसलं.

[दृश्य: बंद पडलेलं डी.एड. कॉलेज. गंजलेलं फाटक.]

२००० साली महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षं तुटपुंजं मानधन, मग कायम नोकरी. बारावी करायची, दोन वर्षं डी.एड., की पोरगं चिकटलं! कॉलेजं भराभर निघाली. इकडे पाळणे कमी हलू लागले होते. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २००५-०६ मध्ये २.१. आकडे छापून आलेले होते. पण प्रवेशाच्या रांगेतला बाप सर्वेक्षण वाचत नाही, शेजारच्याचा मुलगा लागला का ते बघतो. त्याला दोष कशाला द्या? कॉलेजांना परवानग्या देणाऱ्यांनी तरी कुठे वाचलं?

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. हजेरीपटावर नावं होती, बाकावर मुलं नव्हती. शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले आणि २०१२ मध्ये भरती थांबली. पुढच्या मोठ्या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. तोवर कुणी दुकान टाकलं, कुणी वयात बसेना.

[दृश्य: कांद्याचं शेत.]

कांद्याचं हेच होतं. गेल्या साली भाव मिळाला, म्हणून यंदा सगळ्यांनी लावला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये तिथल्या इंजिनियरांत हाच चढउतार दाखवला. फरक एवढाच, की कांदा चार महिन्यांत हाती येतो, इंजिनियरला चार वर्षं लागतात. आणि कांदा फुकट गेला तर पुढच्या हंगामात दुसरं काही पेरता येतं.

[दृश्य: पुन्हा सेवापुस्तक. नेमणूक २०००, जन्म १९७८.]

आता हे पान बघा. बाविसाव्या वर्षी लागलेला शिक्षण सेवक २०३६ मध्ये निवृत्त होणार. त्या दशकात लागलेले त्याच्या मागोमाग. पट घटतोय, त्यामुळे सगळ्या जागा भरल्या जाणार नाहीत. पण ज्या भरायच्या, त्यांच्यासाठी २०३४ मध्ये कुणीतरी बारावी होऊन प्रशिक्षणाला बसलेलं हवं.

[दृश्य: वर्गात पाढे म्हणणारी मुलं.]

ती मुलं आत्ता प्राथमिक शाळेत आहेत.