पट्टीवर पट्टी

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'ट्रॅक्टरच्या अवजारांची घरच्या घरी दुरुस्ती' असा छापलाय. अर्धा तास दिला होता, त्यातला निम्मा सत्कारात गेला. नारळ मात्र पाणीदार निघाला, तक्रार नाही. घरी वेल्डिंग मशीन कोणाकोणाकडे आहे? हात वर करा. बघा, निम्मी सभा! म्हणजे मी आपल्याच माणसांत आलोय.

तर माझा प्रताप ऐका. आमचा नऊ फणी कल्टिव्हेटर. रान काळं, कडेला मुरमाड. एका उन्हाळ्यात फणाच्या क्लॅम्पशेजारी फ्रेमचा अँगल तडकला. मी भेगेवरून रॉड फिरवला, वर पाव इंची पट्टी ठेवली आणि चारी बाजूंनी शिवून टाकली. गल्लीभर सांगत फिरलो. पुढच्या हंगामात पट्टीला काही झालं नाही, पट्टी संपते तिथं अँगल फाटला. मग तिथं दुसरी पट्टी. मग तिच्या शेजारी तिसरी. चौथ्या वर्षी वडील जवळ येऊन बघत म्हणाले, "अरे, ह्यात दुकानातून आणलेलं लोखंड कुठंय?" फ्रेम कसली, गोधडी झाली होती ती! (हसू नका, तुमच्या गोठ्यामागं काय काय पडलंय ते मला ठाऊक आहे.)

गंमत अशी की फ्रेमचा दोषच नव्हता. फण मागं सरकतो म्हणून स्प्रिंगचे नट मीच आवळून, पार दाबून टाकले होते. अहो, दगड लागला की फणानं मागं जावं म्हणून तर स्प्रिंग दिलीय! तिला हलू दिलं नाही, मग प्रत्येक दगडाचा दणका थेट अँगलला. नट सैल केले त्या वर्षापासून नवी पट्टी नाही. चार वर्षं रॉड जाळले ते वेगळेच.

काय? पाच मिनिटं? चहा आला म्हणे. बरं, पळत सांगतो.

भेगेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर ती वेल्डखालून पुढं चालत राहते. रंग-गंज घासून काढा, ग्राइंडरनं 'व्ही' खाच करा, म्हणजे वेल्ड खोलवर बसते. पट्टी मारायचीच तर टोकं निमुळती कापा. वेल्ड लांबीच्या बाजूंना, टोकाला आडवी रेघ नको. माझा अँगल त्याच रेघेवर फाटत होता.

गरम वेल्डवर बादली ओतायची सवय सोडा. फाळ, फण कडक पोलादाचे असतात, पाणी पडलं की वेल्डशेजारी काचेसारखे तडकतात. सावकाश निवू द्या. रोटरचं, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचं, पातं तुटलं तर जोडत बसू नका, नवं घाला.

रोटरच्या शाफ्टचा शिअर बोल्ट, म्हणजे दणका बसला की आधी तोच तुटावा म्हणून दिलेला मऊ बोल्ट, सारखा तुटतो म्हणून कोणी त्या जागी कडक बोल्ट घातलाय का? घातलाय! दादा, आजच काढा. पन्नास रुपयांचा बोल्ट वाचवायला गिअरबॉक्स पणाला लावताय.

अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंग वेल्डजवळच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

आणि मागं ते काका पोत्यात तुटका फण घेऊन आलेत, मघापासून बघतोय. चहापाशी आणा, तिथंच बघू.