आपली खंजिरी आत जाते का?

राजेहो, बैल घ्यायला गेलेला माणूस दात बघतो. शिंगं काय, पोळ्याला कोणीही रंगवतो. सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं वाद्य, घेताना मात्र आपण शिंगंच बघत बसतो: तीन हजार प्रीसेट (तयार आवाज), पाच हजार प्रीसेट. त्यात डीजेचे बेस असतात, सिनेमाचे पॅड, म्हणजे लांब रेंगाळणारे सूर, असतात. भजनातली खंजिरी, दंडारीचा ढोल, वरातीतलं डफडं शोधून सापडत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: माझा आवाज यात घालता येतो का, आणि माझ्या सुरात लावता येतो का?

सिंथ आवाज घडवतो, सॅम्पलर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतो. दोन्ही कामं एकाच सॉफ्टवेअरने उत्तम करावीत हा हट्ट सोडा. एक चांगला सिंथ आणि एक मोकळा सॅम्पलर ही जोडी स्वस्त पडते. किंबहुना फुकट पडते.

सिंथमध्ये सर्ज एक्सटी घ्या. 2018 साली त्याचा कोड खुला झाला, तेव्हापासून तो मोफत आहे. त्यात बारा प्रकारचे ऑसिलेटर, म्हणजे मूळ लाट तयार करणारे भाग, आहेत. त्यातला 'स्ट्रिंग' एकतारीसारखी छेडलेली तार करायला कामाचा. दुसरा व्हायटल, 2020 चा. त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे आणि लाटेचा आकार पडद्यावर हलताना दिसतो, म्हणून शिकणाऱ्याला बरा. सॅम्पलरमध्ये सफॉरझांडो किंवा डिसेंट सॅम्पलर. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्या मोफत प्लेयरमध्ये पूर्ण आवृत्तीसाठी बनवलेली लायब्ररी (आवाजांचा संच) उघडली तर ती पंधरा मिनिटांनी बंद पडते. शिवाय 40 जीबीची लायब्ररी मोबाइलच्या रोजच्या 2 जीबी डेटावर उतरवायची म्हटलं तर वीस दिवस जातात, तेही घरच्यांनी मोबाइलला हात लावला नाही तर. पेनड्राइव्हवर फिरणारी क्रॅक आवृत्ती नको. तिच्यासोबत काय काय येतं ते अँटिव्हायरस बंद करायला सांगतात तेव्हाच समजून घ्यावं.

आता खंजिरीचं घेऊ. आधी कूलर बंद, पंखा बंद. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, नाहीतर 50 हर्ट्झची गुणगुण प्रत्येक थापेत बसते. इन्व्हर्टरवर ती आणखी किरकिरी होते. मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा. माइक दीड फुटावर, थोडा तिरपा. अगदी समोर धरला की झांजा टोचतात आणि कातड्याचा आवाज मागे पडतो. रेकॉर्डिंगची सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो. सगळ्यात जोरदार थाप मीटरवर उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

तीन बोल धरा: उघडी थाप, दाबलेली थाप, नुसती झांज. प्रत्येकाच्या जोराच्या चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर पाच वेळा तोच बोल. झाल्या साठ फाइली. दोन-दोन सेकंदांच्या धरल्या तर सगळ्या मिळून साधारण 17 एमबी. इतक्यात तुमची खंजिरी येते.

प्रत्येक फाइल थाप सुरू होते तिथेच कापा. पुढे 20 मिलिसेकंद शांतता राहिली तर वाजवताना लय मागे पडते आणि माणूस उगाच कीबोर्डला दोष देतो. शेवटी बारीकसा फेड द्या, म्हणजे आवाज विरत न्या, नाहीतर 'टक्' ऐकू येतं. कीबोर्ड थापेचा जोर 1 ते 127 आकड्यांत सांगतो. मग त्या चार पायऱ्यांना जोराच्या पट्ट्या द्या: 1 ते 40, 41 ते 75, 76 ते 105, 106 ते 127. पाच सारख्या फाइली राउंड रॉबिनला लावायच्या, म्हणजे आळीपाळीने वाजतात. एकच फाइल ठेवली तर द्रुत लयीत मशीनगन चालू होते. आणि कोणता आवाज कधी वाजवायचा ते सॅम्पलरला सांगणारी एसएफझेड फाइल हाताने लिहिताना आळीपाळीच्या ओळी विसरल्या तर पाचही एकदम वाजतात, आवाज फाटतो. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते, हा तिचा मोठा गुण. ढोलकीला आणखी एक गोष्ट लागते, चोक ग्रुप: दाबलेल्या थापेने आधीची घुमणारी थाप गप्प व्हायला हवी.

सनईला वेगळा हिशेब. एक सूर घेऊन सगळ्या पट्टीवर ताणू नका. सप्तकभर वर नेला की वेग दुप्पट होतो, आंदोलनही दुप्पट वेगाने होतं आणि सनई पिपाणी बनते. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून दर तीन पट्ट्यांना एक नमुना घ्या, दोन सप्तकांना नऊ पुरतात.

सुराकडे येऊ. इथे बरेच जण अडखळतात. गायकाची पट्टी काळी एक धरा, म्हणजे मधला सा 277.18 हर्ट्झ. त्यावरचा शुद्ध गंधार 346.48 ला येतो. कीबोर्डची पांढरी चार मात्र 349.23 ला वाजते. पावणेतीन हर्ट्झचा हा फरक, 14 सेंटचा (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट). तानपुरा चालू असेल तर तो थरथर होऊन कानात उतरतो, आणि गायकाला उगाच बेसूर ठरवलं जातं. सर्ज आणि व्हायटल दोन्ही स्कालाची, म्हणजे स्वरांची अंतरं लिहिलेली, फाइल घेतात, तिच्यात गंधाराला 400 च्या जागी 386.3 सेंट लिहा. मात्र दुसरी, सा कोणत्या पट्टीवर ते सांगणारी कीबोर्ड मॅपची फाइल न देता थांबलात तर सर्ज सा पांढऱ्या एकवरच धरतो आणि सगळे स्वर हुकतात. काळी एकसाठी सुरुवात 61 क्रमांकाच्या पट्टीवर आणा. मींड घ्यायची असेल तर पिच बेंडची (सूर ओढायच्या चाकाची) मर्यादा दोन पट्ट्यांवर ठेवलेली असते, ती सातावर न्या, म्हणजे सा ते प एका ओढीत जातो.

यंत्राचं थोडक्यात. 8 जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. वाजवताना बफर (लॅपटॉप एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा) 256, म्हणजे 48 किलोहर्ट्झला 5.3 मिलिसेकंद. मिक्स करताना 1024. मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून वेग कमी करतो, आवाज तडतडतो. अशा वेळी बफर वाढवण्याआधी झालेले ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे त्यांचा आवाज पक्का होतो आणि सिंथला पुन्हा राबावं लागत नाही.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनशेजारी थापेने वाजणारं इलेक्ट्रॉनिक पॅड असतं. तिथे लॅपटॉप न्यायचीच गरज नाही. बोल वेव्ह फाइलमध्ये काढून पॅडमध्ये भरा. बरीच पॅडं 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच घेतात, 48 ची फाइल काही पॅडं दाखवतही नाहीत. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, मधे जागा न सोडता. आणि लॅपटॉप नेलाच तर नमुन्यांचा फोल्डर पहिल्या दिवशी जिथे ठेवला तिथेच राहू द्या. डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर हलवला की वडश्याला रात्री अकराला पडदा उघडायच्या वेळी लॅपटॉपवर 'फाइल सापडत नाही' येतं.